एका तारखेचे राजे आणि तारीख नसलेली ताराराणी

आज आपण एका तारखेविषयी बोलणार आहोत. ती तारीख म्हणजे १९ नोव्हेंबर.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची जयंती या दिवशी असते. इंदिरा गांधींची जयंतीही याच दिवशी असते. आपल्या देशात राज्य चालवणाऱ्या, लढाईचा निर्णय घेणाऱ्या बायका मोजल्या तर किती निघतील? फार नाही. त्यातल्या दोघींची तारीख एकच निघावी, याचं नवल वाटतंच. बचत गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "मग त्या तारखेतच कायतरी असंल की वो ताई." असेल का? आधी माणसं बघूया, मग ठरवूया.

राणी लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मणिकर्णिका तांबे. जन्म काशीचा, वडील मोरोपंत, आई भागीरथीबाई. आई लवकर गेली. वडिलांबरोबर ही मुलगी बिठूरला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला वाढली. लग्न झालं झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी. हे नेवाळकर घराणं मूळचं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, म्हणजे घाट उतरला की पलीकडचंच. १८५१ साली मुलगा झाला, तो चार महिन्यांचा होऊन गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव अंथरुणाला खिळले. २० तारखेला त्यांनी नात्यातला मुलगा दत्तक घेतला आणि २१ तारखेला प्राण सोडला. म्हणजे राणीचा वाढदिवस, दत्तकविधान आणि वैधव्य, सगळं तीन दिवसांत आलं. पुढच्या वर्षी इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना राणी पडल्या.

त्याच उठावात आपलं कोल्हापूरही होतं, हे जाता जाता सांगून ठेवतो. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथली २७ नंबरची पलटण उठली होती. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा डोळा होता. त्यांना पुढे कराचीला नेऊन ठेवलं आणि ते परत आले नाहीत. कोल्हापूर आणि झाशीचं अंतर नकाशावर लांब आहे, पण त्या वर्षी दोन्हीकडे एकच वारं होतं.

इंदिरा गांधी जन्मल्या १९ नोव्हेंबर १९१७ ला, अलाहाबादला. १९६६ साली पंतप्रधान झाल्या. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली आणि बांगलादेश मोकळा झाला. पुढे १९७५ ची आणीबाणी आली, त्यात माणसं तुरुंगात गेली, वर्तमानपत्रांची तोंडं बांधली गेली, तेही याच बाईंच्या नावावर आहे. चांगलं सांगायचं आणि वाईट झाकायचं, असा इतिहास आम्हाला सांगायचा नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांच्याच अंगरक्षकांनी त्यांना गोळ्या घातल्या.

आता जरा लांब जाऊया. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचीही तारीख १९ नोव्हेंबर, साल १६००. हा लहानपणी अशक्त होता, उशिरा चालायला लागला, बोलताना अडखळायचा. राजा झाल्यावर त्याचं डोकं एका गोष्टीत अडकलं. आपल्याला देवानं राजा केलंय, तेव्हा रयतेनं निवडलेल्या सभेला विचारायचं कशाला? सभेला न विचारता तो कर बसवायला लागला. १६४२ ला राजा आणि सभा यांच्यात युद्ध पेटलं, राजा हरला आणि ३० जानेवारी १६४९ ला लंडनमध्ये भर चौकात त्याचं मुंडकं उडवलं. कडाक्याची थंडी होती. थंडीनं अंग थरथरलं तर लोक म्हणतील भ्यायला, म्हणून तो अंगात दोन सदरे घालून गेला होता. तेव्हा इकडे आपल्या सह्याद्रीत शिवाजी महाराज विशीच्या उंबरठ्यावर होते. या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्स. त्याच्या लग्नात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबईचं बेट हुंड्यात इंग्लंडला आलं आणि १६६८ साली त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं. हुंड्याचा विषय निघाला की आम्ही बैठकीत हे मुद्दाम सांगतो. अख्खी मुंबई हुंड्यात गेलेली आहे, बायांनो.

चौथा माणूस अमेरिकेचा, जेम्स गारफील्ड. १९ नोव्हेंबर १८३१ चा जन्म, लाकडाच्या ओंडक्यांच्या घरात. हा दीड-दोन वर्षांचा असताना बाप वारला आणि आईनं शेती करून पोरं वाढवली. तो शिकला, मास्तर झाला, अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हा गुलामी मोडणाऱ्या बाजूनं लढून मोठा सेनाधिकारी झाला. १८८१ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा त्याची म्हातारी आई समारंभाला हजर होती. चारच महिन्यांत, २ जुलैला, रेल्वे स्टेशनात एकानं त्याला गोळी घातली. पण गोळीनं तो लगेच गेला नाही. डॉक्टरांनी हात न धुता जखमेत बोटं घालून घालून गोळी शोधली, जखम चिघळली आणि अडीच महिने तळमळून तो सप्टेंबरात गेला. आशाताई हात धुवायला सांगतात तेव्हा नाक मुरडणाऱ्या प्रत्येकीला ही गोष्ट ऐकवावी.

तर झाली चार माणसं. एक लढाईत पडली, एकाचं मुंडकं उडवलं, दोघांना गोळ्या घातल्या. तारीख एक आणि चौघांच्याही वाट्याला नीट मरण नाही. इथं बैठकीत शांतता पसरते. मग एखादी हळूच सांगते की आमच्या नातीचा जन्म त्याच आठवड्यातला आहे. एका गावात तर असं झालं की मुलगी 'वाईट दिवशी' झाली म्हणून बाळंतिणीला घरात दोन वर्षं टोमणे खावे लागले. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

पहिली गोष्ट. ही चार माणसं आम्ही निवडून घेतली. राजे, सेनापती, सत्ता हातात असणारे. ज्यांच्या हातात सत्ता, त्यांच्यावर तलवार आणि बंदूक रोखलेली असते. कुठल्याही तारखेचे राजे गोळा करा, त्यात लढाईत मेलेले, दगाफटक्यात मेलेले सापडतीलच. तेव्हा तारखेला दोष देण्याआधी त्यांचं काम बघा. त्याच १९ नोव्हेंबरला, १९२८ साली, पैलवान दारासिंग जन्मले. तालमींच्या या कोल्हापुरात दारासिंग माहीत नाहीत असं घर नाही. आयुष्यभर कुस्त्या केल्या, सिनेमात काम केलं, टीव्हीवर हनुमान झाले आणि ८३ वर्षं जगून २०१२ साली घरात, आपल्या माणसांत गेले. झीनत अमान त्याच तारखेची, सुष्मिता सेन त्याच तारखेची. त्यांच्या आयुष्याला या तारखेनं काय केलं?

दुसरी गोष्ट हळदीकुंकवाच्या हिशेबानं समजते. समजा हळदीकुंकवाला २३ जणी जमल्या. प्रत्येकीनं बाकीच्या प्रत्येकीला कुंकू लावायचं ठरवलं, तर जोड्या किती होतील? २३ नाही, २५३. वर्षाचे दिवस ३६५. प्रत्येक जोडीत तारीख जुळायची थोडी थोडी शक्यता असते आणि २५३ जोड्यांची मिळून ती निम्म्याहून जास्त होते. म्हणजे दोन छोटे गट एकत्र बसवले तर एकाच दिवशी वाढदिवस असणाऱ्या दोघी निघण्याचा संभव न निघण्यापेक्षा जास्त. मग जगभरातले शेकडो राजे आणि सेनापती गोळा केले, तर तारखा जुळणारच. नाही जुळल्या तरच नवल.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत गमतीची वाटते. ही तारीख खरोखर एक आहे का? चार्ल्स जन्मला तेव्हा त्याच्या देशात जुनं कॅलेंडर चालायचं, ते सूर्याच्या मागं पडलेलं होतं. नव्या कॅलेंडरनं मोजलं तर त्याचा जन्म २९ नोव्हेंबरचा होतो. इंग्लंडनं १७५२ साली नवं कॅलेंडर घेतलं तेव्हा सप्टेंबरातले अकरा दिवस गाळून टाकले. लोक २ तारखेला झोपले आणि १४ तारखेला उठले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले ११ फेब्रुवारीला, पण त्यांचा वाढदिवस पाळतात २२ ला, तो यामुळेच. आणि आपले शिवाजी महाराज? १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या कॅलेंडरची आहे. आजच्या कॅलेंडरनं ती १ मार्च होते.

शिवजयंतीचं तर कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला, तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला आणि आपल्या पेठांतली पारंपरिक शिवजयंती वैशाखात. तिन्हींचं कारण कागदात आहे. आधी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा मानत. मग भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक जुनी शकावली निघाली. शकावली म्हणजे कुठल्या साली काय घडलं याची टाचणं. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ लिहिलेलं होतं. मग इतिहासकारांचे वाद झाले, समिती बसली आणि २००१ पासून सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० धरली. एका देशमुखाच्या घरातल्या चार पानांनी महाराजांचं वय तीन वर्षांनी बदललं. ती पानं वाळवीनं खाल्ली असती तर?

शाहू महाराजांचंही तसंच. २६ जून १८७४ ही आज त्यांची जयंती, सरकार ती सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. पण कितीतरी वर्षं ती २६ जुलैला व्हायची. जुन्या माणसांना ते आठवत असेल.

तेव्हा तारीख आकाशातून पडत नाही. कुणीतरी ती लिहितं, कुणीतरी जपतं, कुणीतरी शोधून काढतं. आणि ती नीट लिहिली नाही तर काय होतं, ते झाशीच्या राणीच्या बाबतीत बघा.

राणीची तारीख १९ नोव्हेंबर, याच्यावर फारसं भांडण नाही. भांडण सालावर आहे. १८९४ साली दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीचं मराठी चरित्र लिहिलं. त्यात तिथी आहे कार्तिक वद्य १४, शके १७५७. ती येते १९ नोव्हेंबर १८३५ ला. पण आज बहुतेक ठिकाणी, पाठ्यपुस्तकात, पुतळ्यांखाली १८२८ लिहिलेलं सापडतं. सात वर्षांचा फरक. तुम्ही म्हणाल, सात वर्षांनी काय बिघडतं? राणीचं लग्न झालं १८४२ साली. १८२८ चा जन्म धरला तर नवरी तेरा वर्षांची होते. १८३५ धरला तर सहा वर्षांची. ग्वाल्हेरला त्या पडल्या तेव्हा एका हिशेबानं एकोणतीस वर्षांच्या, दुसऱ्या हिशेबानं बावीसच्या. जॉन लँग नावाचा वकील १८५४ साली झाशीला राणीला भेटला होता, तिचं गाऱ्हाणं लिहून द्यायला. त्यानं पडद्याआडून क्षणभर राणीला पाहिलं आणि लिहून ठेवलं की बाई सव्वीसेक वर्षांची असेल. त्याचा अंदाज १८२८ कडे झुकतो. आम्हालाही तेच पटतं. अठरा वर्षांची विधवा आणि सव्वीस वर्षांची बाई यातला फरक समोरच्याला कळतो.

पण आमचं मन दुसरीकडेच अडकतं. सहा की तेरा, हे विचारायला त्या काळी कुणी नव्हतं, कारण दोन्ही वयं लग्नाला चालत होती. मुलीच्या वयाला कायदा आला तो १९२९ साली. शारदा कायद्यानं मुलीचं वय चौदा ठरवलं, मग ते वाढत वाढत अठरापर्यंत आलं. आज आमच्या गावांत एखाद्या दहावीतल्या मुलीचं लग्न ठरवतात आणि विचारलं तर घरचे म्हणतात, "ती दिसती बारकी, पण अठरा पुरी झाल्यात." तेव्हा काय करायचं? रडायचं, भांडायचं की कागद बघायचा? जन्माचा दाखला असला तर दोन मिनिटांत निकाल लागतो. दाखला नसला तर शाळेचा दाखला बघायचा. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक आणि मदतीला अंगणवाडी सेविका. १०९८ हा फोन नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. हे सगळं उभं राहतं ते एका तारखेवर. ती तारीख घरच्यांच्या सांगण्यावर सोडली तर मुलगी झाशीच्या राणीसारखी कधी सहाची होते, कधी तेराची.

आता आपल्या घरच्या राणीकडे येऊया. कावळा नाक्याला घोड्यावर बसलेली ताराराणी रोज हजारो माणसं बघतात. एसटीनं कोल्हापुरात शिरताना पहिल्यांदा तीच दिसते. तिची जन्मतारीख सांगा बघू.

तिच्या घरातल्या बाकीच्यांच्या तारखा बघा. सासरे शिवाजी महाराज, त्यांची तारीख आपण आत्ताच बघितली. थोरले दीर संभाजी महाराज, १४ मे १६५७, पुरंदर. नवरा राजाराम महाराज, २४ फेब्रुवारी १६७०, राजगड. राजाराम महाराजांच्या जन्माची गोष्ट सभासदाच्या बखरीत आहे. मूल पालथं जन्मलं म्हणून बायका हळहळल्या, अपशकुन मानला. शिवाजी महाराज म्हणाले, हा दिल्लीची पातशाही पालथी घालील. शुभ-अशुभाचं काय करायचं, ते महाराजांनी तेव्हाच दाखवून दिलंय. आणि बरोबर चार वर्षांनी, २४ फेब्रुवारी १६७४ ला, आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा सवारांसह पडले. त्यांच्या जागी सरनोबत झाले तळबीडचे हंबीरराव मोहिते. ताराबाई या हंबीररावांची मुलगी. राजाराम महाराजांच्या आई सोयराबाई म्हणजे हंबीररावांची बहीण. आत्याच्या घरात भाची सून म्हणून गेली.

या मुलीचा जन्म १६७५ चा धरतात. तारखेचं म्हणाल तर जेधे शकावलीसारखं तिच्यासाठी कुणाचं पान बोलत नाही. सरसेनापतीची लेक होती, घरात लिहिणारे कारकून होते. पण मुलगी झाली म्हणजे टाचण करायची पद्धत नव्हती.

आणि ही बाई कोण होती? मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाई पंचवीस वर्षांच्या, पदरात लहान मुलगा. समोर औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला, ऐंशीच्या घरातला, हट्टी. त्याला वाटलं, आता राहिली एक विधवा आणि तिचं पोर. पण तिनं मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला. तो एक किल्ला घ्यायला महिनोन्‌महिने घालवायचा, लाच देऊन घ्यायचा आणि तो पुढं सरकला की मराठे मागचा किल्ला परत घ्यायचे. पन्हाळा गेला, विशाळगड गेला आणि परतही आला. नुसता किल्ला धरून न बसता तिनं फौजा गुजरात आणि माळव्यापर्यंत धाडल्या, म्हणजे बादशहाच्याच मुलुखातून खर्च वसूल. खाफीखान हा मुघलांचा इतिहास लिहिणारा, त्याला मराठ्यांचं प्रेम नव्हतं. त्यालाही हिच्या कर्तबगारीबद्दल आणि कारभाराबद्दल चांगलं लिहावं लागलं. सात वर्षं हे चाललं. १७०७ साली बादशहा नगरला मेला आणि हिचं राज्य शिल्लक राहिलं.

पुढचं सोपं नव्हतं. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मुघलांच्या कैदेतून सुटून आले, घरातच दोन तट पडले. खेडच्या लढाईत ताराबाईंचा पक्ष हरला. त्या पन्हाळ्याला आल्या आणि तिथून करवीरच्या गादीची सुरुवात झाली. आपण आज जी कोल्हापूरची गादी म्हणतो, ती या बाईनं उभी केली. १७१४ साली सवत राजसबाई यांनी आपल्या मुलाला गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत गेल्या. ज्या गडावर राज्य मांडलं त्याच गडावर कैद. शेवटची वर्षं साताऱ्यात काढली, तिथंही म्हातारपणी राजकारणात हात घातलाच. त्या सगळ्याच चाली बरोबर होत्या असं आम्ही म्हणत नाही. १७६१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, पानिपत होऊन वर्ष भरत आलं होतं. मरणाची नोंद आहे, कारण तोवर त्या मोठ्या झाल्या होत्या. एक मुलगी जन्मली, याची नोंद करावी असं कुणाला वाटलं नव्हतं.

आपल्या गटांतल्या बायकांची तारीख कोणती? याचं उत्तर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १ जून. आमच्या एका ग्रामसंघाच्या याद्या काढल्या तेव्हा पानावर पान १ जून. उरलेल्यांचं आधार कार्डावर १ जानेवारी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं वय धरलं आणि १ जून टाकली, म्हणजे जूनच्या शाळेला पोरगं वयात बसतं. गुरुजींना नावं ठेवायची नाहीत. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून निदान कुणीतरी आपली तारीख लिहिण्याची सोय तरी झाली. ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांना १ जूनसुद्धा मिळाली नाही.

पण या तारखेवर आता पैसे अडतात. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. लाडकी बहीण योजनेला वय २१ ते ६५. बँकेतून ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा काढायचा तर पन्नाशीच्या आत. एका गटातल्या आजी, केस पांढरेशुभ्र, नातू कॉलेजात. आधारवर वय ५९. पगार मागायला गेल्या तर एका कार्यालयात त्यांना सांगितलं, सहा वर्षांनी या. आजी म्हणाल्या, "मी कोयनेचा भूकंप झाला तवा पाण्याचा हंडा घिऊन येत हुतो. मग माझं वय मोजा की." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. हंडा वाहणारी पोरगी आठ-दहा वर्षांची तरी असणार, म्हणजे आजी पासष्टीच्या पुढेच गेलेल्या. हे आम्हाला कळलं, आजींना कळलं, पण भूकंपाचा शिक्का आधारवर चालत नाही.

म्हणून आता ज्या घरात बाळ होईल तिथं २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात नोंद झाली का, ते गटानं विचारायचं. २१ दिवसांत नोंदीला फी नाही. उशीर झाला की फी लागते आणि वर्ष उलटलं की आदेशासाठी तहसील, प्रांत असे हेलपाटे सुरू होतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदार यादी, लग्नाची नोंद, गाडीचं लायसन, सगळ्याला हाच दाखला मुख्य पुरावा धरला जातो. बारशाआधी नोंद झाली तर दाखल्यावर बाळाचं नाव नसतं. ते नाव वर्षाच्या आत घालून घ्यायचं. मुलीचं नाव घालायला सावकाश जाऊ, असं सासू म्हणाली तर तिला ताराराणीची तारीख विचारायची.

आम्ही आमच्या ग्रामसंघात एक वही घातली आहे. तिच्यात दोन रकाने. एकात कागदावरची तारीख, दुसऱ्यात घरी जे सांगतात ते. पहिला रकाना भरायला दहा मिनिटं लागली. दुसऱ्याला दोन बैठका गेल्या, कारण एकीनं सांगितलं की दुसरी तिचं दुरुस्त करायची. आतापर्यंतच्या काही नोंदी अशा आहेत. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, बैलांची शिंगं रंगवलेली होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेला, आई डोंगर चढून आल्यावर आठव्या दिवशी. ७२ च्या दुष्काळात, आई खडी फोडायच्या कामावर होती. इंदिरा गांधी गेल्या त्या थंडीत, ऊसतोड सुरू झाली होती. एकीनं फक्त एवढंच लिहून घेतलं, 'थोरल्या भावानंतर दीड वर्षानं, भावाची तारीख वडिलांनी पोथीत लिहिली आहे.' पुढच्या बैठकीला ती पोथी घेऊन येणार आहे.